अडखळणाऱ्या एंजिनाची परीक्षा

विद्यार्थिमित्रहो, वैद्याकडे रोगी आला म्हणजे वैद्य प्रथम नाडी पाहतो, जीभ पाहतो, चार प्रश्न विचारतो, आणि मग औषधाची पुडी बांधतो. रोग्याचें तोंड दिसतांच जो पुडी बांधावयास बसेल, त्यास कोणी शहाणा वैद्य म्हणणार नाहीं. यंत्राच्या बाबतींत मात्र हा साधा विवेक पुष्कळदां सुटतो. जुनी गाडी उभ्या जागीं थरथरूं लागली कीं एक म्हणतो, "प्लग बदला". दुसरा म्हणतो, "कॉइल गेली". तिसरा कारब्युरेटरावर बोट ठेवतो. आणि मालक बिचारा एकामागून एक सुटे भाग विकत आणीत राहतो. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं मालवाहू गाडी हेंच उपजीविकेचें साधन आहे. ती चार दिवस मिस्त्रीच्या दारीं उभी राहिली तर माल बाजारांत पोंचत नाहीं, आणि त्या चार दिवसांची मिळकत पुन्हां हातीं येत नाहीं. म्हणून दोष कोठें आहे हें अनुमानाच्या धक्क्याबुक्क्यांनीं नव्हे, तर क्रमानें कसें शोधावें, याचा आज विचार करूं.

विवेचन निश्चित व्हावें यासाठीं एकच गाडी डोळ्यांपुढें ठेवूं: विलीज जीपच्या धर्तीची, पेट्रोलवर चालणारी जुनी पिकअप. दुसऱ्या महायुद्धांत प्रसिद्धीस आलेली जीप अमेरिकेंत ओहायओ संस्थानांतील टोलेडो शहरीं विलीज-ओव्हरलँड कंपनीनें बनविली, व १९४७ सालीं त्याच कंपनीनें पिकअप बाजारांत आणली. आपल्या देशांत स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत महिंद्र कंपनीनें मुंबईस जीपची जुळणी आरंभिली, आणि पुढें येथेंच त्या गाड्या तयार होऊं लागल्या. त्यांतील 'हरिकेन' नांवाचें एंजिन चार सिलिंडरांचें, १३४ घनइंचांचें, म्हणजे सुमारें २.२ लिटरचें आहे. पुष्कळ गाड्यांत मागाहून डिझेल एंजिनें बसविण्यांत आलीं. डिझेलास ठिणगीचा प्लग नसतो, तेव्हां त्याची परीक्षा वेगळी. येथील विवेचन कारब्युरेटर व पॉइंट असलेल्या पेट्रोल एंजिनापुरतें आहे.

मंदचाल म्हणजे काय?

गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलमध्यें आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाहीं, तरीहि एंजिन आपल्यापुरतें फिरत आहे, या स्थितीस आयडलिंग म्हणतात. आपण तिला मंदचाल म्हणूं. वरील एंजिनाची मंदचाल मिनिटास सुमारें ६०० फेऱ्यांची असावी. आतां थोडें गणित करा. ६०० फेरे मिनिटास, म्हणजे १० फेरे सेकंदास. या जातीच्या एंजिनांत प्रत्येक सिलिंडरांत दर दोन फेऱ्यांस एकदां पेट्रोल पेटतें. म्हणून एका सिलिंडरांत सेकंदास ५ वेळां, व चोहोंत मिळून २० वेळां ज्वलन होतें. तें १-३-४-२ या क्रमानें, सारख्या अंतरानें होत असतें, म्हणूनच एंजिन शांत वाटतें. एक सिलिंडर निकामी झाला तर २० चे १५ उरतात, आणि दर चौथी जागा रिकामी पडते. भजनांत टाळ वाजविणाऱ्याचा चौथा ठोका दर वेळीं चुकावा, तसें तें कानास लागतें. मिस्त्रीलोक यास 'मिसिंग' म्हणतात.

हा दोष मंदचालींतच विशेष कां दिसतो? रस्त्यावर वेगानें जातांना एंजिनांत हवा व पेट्रोल मुबलक येतें, आणि जड फिरतें चक्र लहानसहान उणीव झांकून नेतें. मंदचालींत थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन हवा ओढतात, पण हवेस वाट अरुंद, त्यामुळें झडपेच्या पलीकडे बराच निर्वात उत्पन्न होतो. समुद्रसपाटीस वातावरणाचा दाब पाऱ्याच्या सुमारें ३० इंचांइतका असतो. निरोगी एंजिनांत मंदचालीच्या वेळीं आंतील दाब त्याहून सुमारें १७ ते २१ इंचांनीं कमी असतो. अशा वेळीं एखाद्या फटींतून थोडी हवा आंत शिरली तरी मिश्रण बिघडतें. दुथडी भरलेल्या नदींत घागरभर पाणी ओतलें तर कोणास कळणार नाहीं, परंतु तीच घागर दुधाच्या चरवींत रिकामी केली तर दूध दूध राहत नाहीं.

हातांत पाना घेण्यापूर्वी

एंजिनास तीनच गोष्टी हव्या असतात: योग्य मिश्रण, योग्य वेळीं सबळ ठिणगी, आणि सिलिंडरांत पुरता दाब. मिश्रणाचें शास्त्रीय प्रमाण वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें १४.७ भाग हवा असें आहे. आपल्या सर्व परीक्षेचा हेतु या तिहींपैकीं काय उणें आहे हें ठरविणें, इतकाच होय.

प्रथम मालकास विचारावें: दोष केव्हांपासून आहे? पाऊस लागल्यापासून असेल तर प्लगच्या तारा व डिस्ट्रिब्यूटरचें झांकण यांत ओल शिरली असावी. कोंकणांत पावसाळ्यांत हें नेहमींचेंच आहे. गाडी बरेच महिने उभी होती काय? मग जुन्या पेट्रोलाचा चिकटा बारीक छिद्रांत बसला असेल. एंजिन थंड असतांना चांगलें व तापल्यावर अडखळतें काय? मग व्हाल्वची फट कमी झाली असेल, किंवा कॉइल अथवा कंडेन्सर तापून दगा देत असेल. रेस दिली कीं दोष नाहींसा होतो काय? मग हवेची चोरवाट किंवा कारब्युरेटरांतील मंदचालीचा मार्ग यांजवर संशय घ्यावा. सर्व वेगांत दोष राहतो काय? मग प्लग, तार किंवा व्हाल्व पाहावा. इतके प्रश्न विचारण्यास एक पैसाहि लागत नाहीं, आणि निम्मे संशयित तेथेंच सुटतात.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. एंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, व तो माणसाचा जीव घेतो. म्हणून बंद खोलींत किंवा दारें लावलेल्या गॅरेजांत एंजिन कधींहि चालूं ठेवूं नये. गाडीच्या चाकांस दगड लावावे, हातब्रेक ओढावा, सदऱ्याच्या बाह्या दुमडाव्या, ओढणी किंवा पदर घट्ट खोंचावा, आणि पंख्यापासून हात दूर ठेवावा. लहान विद्यार्थ्यांनीं वडील माणसावांचून यांपैकीं कांहींहि करूं नये. त्यांनीं पाहावें व ऐकावें, तेंहि शिक्षणच आहे.

परीक्षेचा क्रम

पहिली परीक्षा कानाची व कागदाची. एंजिन चांगलें तापूं द्यावें. मग धुराच्या नळीच्या तोंडाशीं कागदाचा तुकडा धरावा. तो सारख्या ठेक्यानें बाहेर उडाला तर बरें. नियमित अंतरानें एक ठोका चुकत असेल तर दोष एका विशिष्ट सिलिंडरांत आहे. ठोके कधीं येथें, कधीं तेथें चुकत असतील तर दोष सर्वांस समान असलेल्या ठिकाणीं, म्हणजे मिश्रणांत, पॉइंटांत किंवा कॉइलींत शोधावा. कागद मधूनमधून नळीकडे ओढला जात असेल तर जळालेल्या एक्झॉस्ट व्हाल्वची शंका घ्यावी. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळा धूर म्हणजे एंजिनाचें तेल जळत आहे, असें समजावें.

दुसरी परीक्षा चोकची. मंदचालींत चोक हलकेच अर्धा ओढावा. त्यानें हवा कमी होऊन पेट्रोलाचें प्रमाण वाढतें. चाल सुधारली तर मिश्रण पातळ होतें, म्हणजे कोठें तरी अधिक हवा शिरत आहे किंवा पेट्रोल कमी पडत आहे. चाल अधिकच बिघडली तर मिश्रण आधींच दाट आहे. एका दांडीच्या ओढीनें एवढें मोठें उत्तर मिळतें, तरी ही परीक्षा फार थोडे लोक करतात.

तिसरी परीक्षा तारांची. रबरी मुठीच्या पकडीनें एका प्लगची तार काढावी व तिचें टोंक एंजिनाच्या लोखंडास टेकवून धरावें. तारेंत कित्येक हजार व्होल्टांची वीज असते, म्हणून उघडा हात लावूं नये. तार काढतांच एंजिनाची चाल पडली तर तो सिलिंडर आपलें काम करीत होता. कांहींच फरक पडला नाहीं तर आळशी तोच. चारहि तारा याप्रमाणें पाहाव्या. अलीकडच्या संगणकयुक्त गाड्यांवर हा प्रयोग करूं नये, कारण त्यांत किंमती भाग जळण्याचें भय असतें.

समजा, तिसरा सिलिंडर आळशी ठरला. आतां नवीन प्लग आणण्याची घाई न करतां तिसऱ्याचा प्लग पहिल्यांत व पहिल्याचा तिसऱ्यांत घालावा. दोष पहिल्यांत गेला, तर प्लग अपराधी. दोष तिसऱ्यांतच राहिला, तर प्लग निर्दोष सुटला. मग तार, डिस्ट्रिब्यूटरचें झांकण, व शेवटीं सिलिंडराचा दाब पाहावा. या अदलाबदलींत शास्त्राचा एक मोठा नियम आहे: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या व गाडी सुधारली, तर कोणत्या गोष्टीनें सुधारली हें कळत नाहीं. आणि न कळतां झालेली दुरुस्ती पुन्हां उपयोगीं पडत नाहीं.

प्लग बाहेर निघालाच आहे तर त्याचें टोंक वाचावें. फिकट तपकिरी रंग आरोग्याचा. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण दाट. पांढरे खरबरीत टोंक म्हणजे मिश्रण पातळ किंवा उष्णता फार. तेलकट ओल म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हाल्वचे गाइड झिजले. चारहि प्लग क्रमानें कागदावर मांडून ठेवावे. एक वेगळा असेल तर दोष एकाचा, चारहि सारखे वाईट असतील तर दोष सर्वांचा.

चौथी परीक्षा चोरवाटेची. वरील एंजिनांत हवा आंत नेणारा मार्ग सिलिंडर-हेडांतच ओतलेला आहे व कारब्युरेटर त्यावर बसतो. म्हणून कारब्युरेटरच्या बुडाचें पॅकिंग, थ्रॉटलचा झिजलेला दांडा, क्रँककेसांतील वाफ ओढून घेणारा लहान व्हाल्व व त्याची नळी, आणि वायपर निर्वाताच्या ओढीवर चालत असतील तर त्यांची नळी, हीं संशयाचीं ठिकाणें होत. फवाऱ्याच्या बाटलीनें त्या सांध्यांवर थोडें थोडें साधें पाणी उडवावें, मात्र तारा व डिस्ट्रिब्यूटर भिजूं देऊं नये. फट असेल तेथें पाणी ओढलें जाऊन क्षणभर चाल बदलते. कांहीं लोक या कामीं पेट्रोल उडवितात. तें सर्वथा वर्ज्य. गरम एंजिनावर पेट्रोल उडविणें म्हणजे आगीस आमंत्रण देणें होय.

निर्वात मोजण्याचें घड्याळ मिळाल्यास फारच उत्तम. कांटा स्थिर पण खालीं असेल तर चोरवाट किंवा उशिरा पडणारी ठिणगी; ठराविक अंतरानें कांटा खालीं पडत असेल तर एखादा व्हाल्व नीट बसत नाहीं. परंतु आंकडा वाचतांना आपण कोठें उभे आहों हें विसरूं नये. दर १,००० फूट उंचीस हा आंकडा सुमारें एका इंचानें उतरतो. मुंबईस १९ इंच दाखविणारें निरोगी एंजिन सुमारें ४,४०० फूट उंचीच्या महाबळेश्वरीं १५ च्या आसपास दाखवील. तो रोग नव्हे, तें हवेचें विरळपण होय.

पांचवी परीक्षा ठिणगीची. डिस्ट्रिब्यूटर, ज्यास आपल्याकडील मिस्त्री 'डेल्को' म्हणतात, तो क्रँकच्या निम्म्या गतीनें फिरतो. त्यांतील पॉइंट मंदचालींतहि सेकंदास २० वेळां उघडतात व मिटतात. या एंजिनांत त्यांची फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर असावी. प्लगची फट ०.०३० इंच. फीलर गेजनें हीं मापें घ्यावीं, अंदाजानें नव्हे. पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर कंडेन्सरहि तपासावा. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा बोटांनीं बाजूस हलत असेल तर फट कितीहि जुळविली तरी ती टिकणार नाहीं. झांकण उन्हांत धरून केसासारखी तडा आहे काय तें पाहावें. पावसाळ्यांत वीज अशाच तडेंतून पळ काढते.

सहावी परीक्षा दाबाची. चारहि प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडी ठेवून, कॉइलची वीज तोडून, स्टार्टरनें एंजिन फिरवावें व प्रत्येक सिलिंडराचा दाब मोजावा. येथें चारहि आंकडे एकमेकांजवळ असणें फार महत्त्वाचें. एखादा बराच कमी निघाला तर त्या सिलिंडरांत चमचाभर तेल घालून पुन्हां मोजावें. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर व्हाल्वचा दोष. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दिसले तर त्यांच्यामधील हेड-पॅकिंग फुटलें असावें. येथें दोष निघाल्यास काम मोठें आहे हें मालकास स्पष्ट सांगावें. नवा प्लग किंवा नवा कारब्युरेटर त्यावर इलाज नव्हे.

कारब्युरेटर सर्वांत शेवटीं कां?

ज्यावर सर्वांचा पहिला आरोप, त्यास आपण शेवटीं ठेवलें, याचें कारण असें कीं त्याच्या स्क्रूला हात लावल्यावर मूळची स्थिति नाहींशी होते. हवा कोठून तरी गळत असतां मिश्रणाचा स्क्रू पिळून चाल सुधारणें म्हणजे ताप झांकण्यासाठीं अंगावर पांघरूण घालणें होय. इतर सर्व निर्दोष ठरल्यावर स्क्रूची सध्यांची जागा लिहून ठेवावी. मग तो हळूहळू आंत फिरवावा. एंजिन अडखळूं लागलें कीं बाहेर फिरवावा, व चाल सर्वांत सरळ होईल तेथें थांबावें. स्क्रू कितीहि फिरविला तरी चालीवर परिणाम होत नसेल तर मंदचालीचा बारीक मार्ग तुंबला आहे. तो उघडून स्वच्छ करावा. स्क्रू शेवटपर्यंत आवळूं नये, त्याचें अणकुचीदार टोंक दबतें.

जुन्या गाडीच्या मालकांनीं आजच्या पेट्रोलाचीहि दखल घ्यावी. भारतांत पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०२५ सालापर्यंत २० टक्क्यांवर नेण्यांत आलें. इथेनॉलास जळण्यासाठीं वजनानें सुमारें ९ भागच हवा लागते. म्हणून शुद्ध पेट्रोलासाठीं कोरलेल्या जुन्या जेटमधून तें आलें कीं मिश्रण कांहींसें पातळ होतें. शिवाय तें पाणी शोषतें, आणि जुन्या रबरी नळ्या व पॅकिंगें यांस मऊ करतें किंवा तडकवितें. अशा गाडींत इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्या, व टांकींत पेट्रोल महिनोन् महिने पडूं देऊं नये.

एक उदाहरण

समजा, एका बागायतदाराची पिकअप पावसाळ्यानंतर उभ्या जागीं थरथरूं लागली. सिग्नलपाशीं ती बंद पडते, रस्त्यावर मात्र नीट धांवते. कोणीसें सांगितलें म्हणून त्यानें प्लग घातले, मग कॉइल घातली, मग कारब्युरेटर घेण्यासाठीं उसने पैसे मागूं लागला. आतां आपला क्रम लावा. रेस देतांच दोष जातो: चोरवाट किंवा मंदचालीचा मार्ग. कागद अनियमित उडतो: दोष एका सिलिंडराचा नव्हे. तारा काढतां चारहि सिलिंडर सारखेच काम करतात: प्लग व दाब बहुतेक सुटले. चोक अर्धा ओढतांच चाल सुधारते: मिश्रण पातळ. पाण्याचा फवारा वाफेच्या नळीवर पडतांच चाल बदलते: नळी तडकलेली. तासाभराच्या आंत निर्णय झाला, आणि खर्च एका वीतभर नळीचा. तेवढ्या नळीपायीं त्या घरावर कर्ज झालें असतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं पुढें औद्योगिक शाळेंत जातील, कांहीं गॅरेज काढतील, कांहींच्या नशिबीं वह्या-पुस्तकेंच असतील. प्रत्येकानें एक वही ठेवावी व तींत तीन रकाने आंखावे: काय पाहिलें, काय बदललें, काय घडलें. जो मिस्त्री मालकास "हा भाग वाईट आहे, आणि तो वाईट आहे हें मीं अमुक परीक्षेवरून जाणलें" असें सांगूं शकतो, तो गरिबाचा पैसा वांचवितो, व त्याची मजुरी प्रामाणिक मजुरी होते. हीच शिस्त पाने-पकडी खालीं ठेवल्यावरहि उपयोगी पडते. कारब्युरेटरास चौकशीवांचून दोषी न ठरविण्याची संवय ज्यास लागली, तो आपल्या शेजाऱ्यासहि चौकशीवांचून दोषी ठरविण्यापूर्वी क्षणभर थांबेल.